एका मालाचे तीन आकडे : व्यवस्थापकासाठी माहिती तंत्रज्ञान

महिनाअखेरच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. अमुक मालाचे किती नग शिल्लक आहेत? समजा, विक्री विभाग ३४० सांगतो, गोदाम ४१२ कळवते आणि लेखा विभागाच्या कागदावर ३९५ असतात. तिघेही संगणकावरच काम करतात, आणि तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. विक्री विभाग ऑर्डर पक्की झाली की नग वजा करतो, लेखा विभाग बीजक निघाल्यावर आणि गोदाम माल गाडीत चढल्यावर. एकाच विक्रीचे तीन टप्पे तीन ठिकाणी लिहिले जातात. प्रत्येक ठिकाणचा आकडा त्या त्या टप्प्यापुरता बरोबर असतो, पण कंपनीचा म्हणून एकही आकडा नसतो.

व्यवसायातल्या माहिती तंत्रज्ञानाचा मोठा भाग नोंद या एकाच गोष्टीभोवती फिरतो. नोंद कुठे होते, ती पक्की केव्हा मानायची, ती कोणाला बदलता येते आणि नष्ट झाली तर परत कशी मिळवायची, हे त्यातले चार प्रश्न. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या व्यवस्थापकालाही ते पूर्ण समजू शकतात. शिवाय त्यांची उत्तरे धंद्याच्या गरजेवरून ठरतात. त्यामुळे ती संगणक विभागावर सोडून देणे चूक आहे.

एक गोष्ट एकाच जागी

बहुतेक लहान कंपन्यांचा कारभार एक्सेलच्या फायलींवर सुरू होतो. एक्सेल हे हिशेब करून पाहण्याचे उत्तम साधन आहे, पण अनेकांनी मिळून नोंदी ठेवण्याचे नव्हे. फाइल ईमेलने गेली की तिची दुसरी प्रत तयार होते. दोन्ही प्रतींत वेगवेगळे बदल होतात आणि आठवड्याने खरी प्रत कोणती हे सांगता येत नाही. एकच ग्राहक एका यादीत आद्याक्षरांनी, दुसरीत पूर्ण नावाने आणि तिसरीत गावाच्या नावासह लिहिलेला असतो. माणसाला तो एकच आहे हे कळते, संगणकाला तीन ग्राहक दिसतात. मग त्या ग्राहकाची एकूण उधारी किती, या साध्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

यावरचा उपाय १९७० साली मांडला गेला. आयबीएम कंपनीत काम करणारे गणितज्ञ एडगर कॉड यांनी माहिती साध्या तक्त्यांत ठेवण्याची पद्धत सुचवली. ग्राहकांचा एक तक्ता, मालाचा एक, ऑर्डरींचा एक. प्रत्येक ग्राहकाला एक न बदलणारा क्रमांक द्यायचा आणि ऑर्डरीच्या तक्त्यात नाव-पत्ता पुन्हा न लिहिता फक्त तो क्रमांक लिहायचा. ग्राहकाचा पत्ता बदलला तर बदल एकाच ओळीत होतो आणि पुढच्या प्रत्येक कामात आपोआप लागू होतो. अशा जोडलेल्या तक्त्यांच्या संग्रहाला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा आयबीएममध्येच १९७४च्या सुमारास आकाराला आली. कॉड यांना १९८१ साली संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. बँका, विमा कंपन्या, कारखाने आणि सरकारी कार्यालये यांचे पैशांचे हिशेब आजही मुख्यतः याच पद्धतीच्या डेटाबेसवर चालतात.

विक्री, खरेदी, उत्पादन, गोदाम आणि लेखा या सगळ्यांनी एकाच डेटाबेसवर काम करावे यासाठी जे सॉफ्टवेअर लागते, त्याला ईआरपी हे नाव आहे. जर्मनीतली सॅप ही कंपनी १९७२ साली आयबीएम सोडून आलेल्या पाच अभियंत्यांनी याच विचारातून काढली. भारतात लहान उद्योगांच्या घरी हिशेबाचा संगणक आणला तो टॅलीने. ती कंपनी १९८६ सालची.

ईआरपी बसवल्याने तीन आकड्यांचा घोळ मिटतो, पण आपोआप नाही. आधी ठरवावे लागते की 'शिल्लक' म्हणजे नेमके काय. चांगल्या व्यवस्थेत एकाच डेटाबेसमधून तीन वेगळे आकडे वेगळ्या नावांनी दिसतात : गोदामात प्रत्यक्ष असलेला माल, ऑर्डरींसाठी राखून ठेवलेला माल आणि नव्या ग्राहकाला देता येण्याजोगा माल. या व्याख्या व्यवस्थापनाने लिहून दिल्या नाहीत, तर सॉफ्टवेअर बसवणारा माणूस स्वतःच्या समजुतीने त्या ठरवतो आणि भांडण पुढच्या बैठकीत तसेच सुरू राहते.

नोंद पक्की केव्हा होते?

एकाच जागी नोंद ठेवली की नवी अडचण उभी राहते. शेकडो माणसे एकाच वेळी तिथे लिहू लागतात.

रेल्वेच्या आरक्षणात ही अडचण सर्वांना परिचित आहे. संगणक येण्यापूर्वी प्रत्येक गाडीचे रजिस्टर ठरावीक खिडकीवर असे आणि प्रवाशाला त्याच खिडकीवर रांग लावावी लागे. रजिस्टर एक, लिहिणारा एक, त्यामुळे एक बर्थ दोघांना जाण्याची शक्यता कमी. १९८५ साली दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. पुढे कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले आणि २००२ पासून घरबसल्या इंटरनेटवरून. आता एका गाडीच्या शेवटच्या बर्थसाठी नागपूर, मडगाव आणि ठाणे इथून तीन माणसे एकाच सेकंदाला बटण दाबू शकतात. बर्थ तिघांनाही मोकळी दिसत असते. तरी ती एकालाच मिळते.

हे साधते ते ट्रान्झॅक्शन या कल्पनेमुळे. ट्रान्झॅक्शन म्हणजे एकमेकांना बांधलेल्या नोंदींचा असा गठ्ठा, जो पूर्ण होतो किंवा मुळीच होत नाही. बर्थ मोकळी आहे का ते पाहणे, ती प्रवाशाच्या नावावर करणे, तिकीट क्रमांक देणे आणि शिल्लक बर्थ एकने कमी करणे ही चार कामे मिळून एक ट्रान्झॅक्शन. पहिल्याचे काम सुरू झाले की डेटाबेस त्या बर्थच्या ओळीला कुलूप लावतो. बाकीचे दोघे सेकंदाच्या छोट्याशा अंशापुरते थांबतात. कुलूप उघडेपर्यंत बर्थ गेलेली असते, म्हणून त्यांना नकार मिळतो.

पण चार कामांपैकी दोन झाली आणि तेवढ्यात वीज गेली तर? इथे डेटाबेस जे करतो, ते आपल्याकडच्या जुन्या पेढीवरच्या दिवाणजीला लगेच ओळखू आले असते. पेढीवर दोन वह्या असत. दिवसभराचा प्रत्येक व्यवहार घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहिला जाई आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढवला जाई. खतावणीचे पान फाटले, तरी रोजकीर्दीवरून ते पुन्हा लिहिता येई. डेटाबेसमधले तक्ते ही खतावणी. तिच्या आधी भरली जाणारी रोजकीर्द म्हणजे लॉग. बदल प्रथम लॉगमध्ये कायमस्वरूपी लिहिला जातो, आणि गठ्ठ्यातली सगळी कामे झाल्याची खूण लॉगमध्ये उमटली की त्या क्षणी ट्रान्झॅक्शन पक्के होते. तक्ते मागाहून दुरुस्त होतात. वीज परत आल्यावर डेटाबेस लॉग वाचतो. शेवटची खूण असलेले व्यवहार तक्त्यांत नसतील तर चढवतो. खूण नसलेले अर्धवट व्यवहार पुसून टाकतो. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत जिम ग्रे हे नाव मोठे आहे. त्यांना १९९८चा ट्युरिंग पुरस्कार याच कामासाठी मिळाला.

व्यवस्थापकाच्या दृष्टीने यातून एक ठोस गोष्ट निघते. कारखान्यातल्या कोणत्या नोंदी एका गठ्ठ्यात बांधायच्या, हे धंदा ठरवतो. बीजक तयार झाले पण माल वजा झाला नाही, किंवा परत आलेला माल गोदामात चढला पण ग्राहकाच्या खात्यात जमा दिसली नाही, असे वारंवार होत असेल तर बांधणी चुकलेली असते. 'सिस्टिम कधीकधी गोंधळते' हे उत्तर स्वीकारू नये.

दोन डेटाबेसांमधली वाट

वरची हमी एका डेटाबेसच्या आत मिळते. दोन संस्थांचे दोन डेटाबेस असले की ती तितकी सोपी राहत नाही. यूपीआयने पैसे दिल्यावर खात्यातून रक्कम गेली, पण दुकानदाराला मिळाली नाही, हा अनुभव त्यातूनच येतो.

यूपीआयची सुरुवात २०१६ साली झाली. ती चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेचे मुख्यालय मुंबईत आहे. देणाऱ्याची बँक आणि घेणाऱ्याची बँक यांचे डेटाबेस वेगळे असतात आणि एनपीसीआय मधोमध बसून दोघांना संदेश पोचवते. देणाऱ्याच्या बँकेने रक्कम वजा केली. जमा करण्याचा संदेश दुसऱ्या बँकेकडे गेला. उत्तर ठरावीक वेळात आले नाही. आता दोन शक्यता आहेत : दुसऱ्या बँकेला संदेश मिळालाच नाही, किंवा रक्कम जमा झाली पण 'जमा केली' हे उत्तर वाटेत अडकले. पहिल्या बँकेला या दोन शक्यतांतला फरक कळण्याचा त्या क्षणी कोणताही मार्ग नसतो. घाईने पैसे परत केले आणि दुसरी शक्यता खरी निघाली, तर रक्कम दोनदा दिली जाईल. म्हणून व्यवहार प्रलंबित ठेवला जातो आणि नंतर दोन्हीकडच्या याद्या जुळवून निकाल लावला जातो. या जुळवणीला ताळमेळ म्हणतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाने त्याला मुदत घालून दिली. व्यक्तीला पाठवलेली रक्कम जमा झाली नसेल तर ती व्यवहारानंतर एका दिवसात आणि दुकानदाराला पाठवलेली पाच दिवसांत परत आली पाहिजे. उशीर झाल्यास ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

प्रत्येक कंपनीत अशा वाटा असतात. संकेतस्थळावरची ऑर्डर ईआरपीत येते, ईआरपीतले बीजक जीएसटीच्या पोर्टलवर जाते, पगाराचा आकडा बँकेत जातो. एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलण्यासाठी ठरवून दिलेल्या या वाटेला एपीआय म्हणतात. एपीआय बसवला म्हणजे काम संपले असे समजण्याची चूक सर्रास होते. वाट आज ना उद्या तुटतेच आणि संदेश पुन्हा पाठवावा लागतो. मग तोच संदेश दोनदा पोचला तर नोंद दोनदा होऊ नये, याची सोय आधीच करावी लागते.

जीएसटीच्या पोर्टलवर जाणाऱ्या ई-बीजकात ही सोय चांगली केलेली आहे. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बीजक क्रमांक यांवरून ६४ अक्षरांचा एक संदर्भ क्रमांक बनतो. तेच बीजक पुन्हा पाठवले तर क्रमांकही तोच येतो आणि पोर्टल दुसरी नोंद नाकारते. कंपनीच्या आतल्या वाटांवरही असा न बदलणारा क्रमांक हवा. रोज सकाळी दोन्हीकडच्या याद्या जुळवून पाहणारा एक ठरलेला माणूसही हवा. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून तेच सर्वांत आधी बंद पडते आणि त्याची किंमत वर्षअखेरीला कळते.

वहीच्या वतीने कोण बोलतो?

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८मध्ये झालेला हल्ला व्यवस्थापकांनी नीट समजून घ्यावा असा आहे. एटीएममधून पैसे काढताना विनंती एका मधल्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य डेटाबेसकडे जाते. खात्यात शिल्लक आहे का, हे तिथे पाहिले जाते आणि होकार किंवा नकार परत येतो. या मधल्या यंत्रणेला स्विच म्हणतात. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून एक बनावट स्विच उभा केला. नकली कार्डांवरच्या विनंत्या मुख्य डेटाबेसपर्यंत पोचण्याआधीच हा बनावट स्विच त्यांना होकार देऊ लागला. ११ ऑगस्टला अवघ्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले. दोन दिवसांनी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून जवळपास १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. एकूण नुकसान ९४ कोटींवर होते.

खातेदारांच्या शिल्लक रकमांना कोणी हात लावला नव्हता. वही शाबूत होती, पण वहीला न विचारताच तिच्या नावाने उत्तरे दिली जात होती. म्हणून सुरक्षेचा विचार करताना डेटाबेसचा पासवर्ड भक्कम आहे एवढे पुरत नाही. त्याच्या वतीने बोलणारी प्रत्येक यंत्रणा कोण सांभाळते, तिच्यात बदल कोण करू शकतो आणि नेहमीपेक्षा वेगळी हालचाल झाली तर कोणाच्या फोनवर सूचना जाते, हेही विचारावे लागते.

आतल्या माणसांबाबत नियम सोपा आहे. ज्याच्या कामाला जेवढे लागते तेवढेच त्याला उघडे असावे. पुरवठादाराचे नवे खाते उघडणारा आणि त्याला पैसे पाठवणारा माणूस एकच नसावा. नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद व्हावा. कायद्यानेही यात एक पाऊल टाकले आहे. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षापासून भारतातल्या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणे बंधनकारक आहे, आणि ही सोय बंद करता येता कामा नये. जुन्या तारखेची नोंद गुपचूप बदलण्याची सवय असलेल्या कार्यालयांना हा नियम जाचक वाटला. तो अत्यंत योग्य आहे.

वही जळाली तर

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक काही तासांत निकामी झाले. त्याचा फटका न्हावाशेवा बंदरालाही बसला, कारण तिथले एक टर्मिनल मर्स्कच्या समूहातली कंपनी चालवते. कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे आणि कोणत्या ट्रकमध्ये चढवायचा आहे, हे सांगणारी यंत्रणाच बंद पडल्याने माणसांच्या हातांनी काम रेटावे लागले.

मर्स्ककडे ग्राहकांच्या माहितीचे बॅकअप होते. पण कोणता कर्मचारी कोण आणि त्याला कुठे प्रवेश, ही मूळ नोंद ठेवणारे जगभरचे सुमारे १५० सर्व्हर एकमेकांच्या प्रती म्हणून काम करत होते. एक बंद पडला तर दुसरा असेल, या हिशेबाने. हल्ल्यात ते सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो घानामधला एक सर्व्हर, कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली होती. त्याची डिस्क माणसाच्या हातून ब्रिटनला नेण्यात आली आणि तिच्यावरून बाकी सगळे उभे राहिले. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवावे लागले. कंपनीने सांगितलेले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे होते.

सतत अद्ययावत होणारी प्रत आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत मूळ ठिकाणची चूक किंवा विध्वंस तत्काळ उतरतो. ती यंत्र बिघडल्यास कामी येते, हल्ला किंवा चुकून पुसले गेल्यास नाही. बॅकअप म्हणजे ठरावीक वेळची, मूळ यंत्रणेपासून तोडून ठेवलेली प्रत. ती दुसऱ्या जागी असावी लागते. २६ जुलै २००५ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी सर्व्हर आणि बॅकअप एकाच इमारतीत असतील, तर दोन्ही एकदमच पाण्याखाली जातात.

क्लाउडमध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या संगणककेंद्रात भाड्याने जागा घेऊन नोंदी ठेवल्या, तर वीज, आग आणि यंत्रांची देखभाल यांची काळजी बरीच कमी होते. पण चुकीच्या माणसाला दिलेला प्रवेश आणि न घेतलेला बॅकअप यांची जबाबदारी भाडेकरूकडेच राहते.

बॅकअपबाबत व्यवस्थापनाने दोनच आकडे ठरवायचे असतात. किती वेळाच्या नोंदी गमावल्या तर चालतील? आणि किती वेळ काम बंद राहिले तर सोसेल? दूध संकलन केंद्राचे उत्तर वेगळे असेल, फर्निचरच्या कारखान्याचे वेगळे. आकडे जितके लहान, तितका खर्च मोठा, म्हणून ते संगणक विभागाने परस्पर ठरवू नयेत. भारतीय कंपन्यांना हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणे नियमानेच आवश्यक आहे. पण घेतलेला बॅकअप उघडून पाहिलेला नसेल, तर तो आहे असे धरू नये.

| सॉफ्टवेअर खरेदीपूर्वी विक्रेत्याला विचारायचे प्रश्न |
|---|
| 'शिल्लक', 'विक्री' आणि 'येणे' या शब्दांचा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमका अर्थ काय? |
| काम अर्धवट असताना वीज गेली तर काय होते? समोर बंद करून दाखवा. |
| बँक, पोर्टल किंवा संकेतस्थळाशी जोडणी तुटल्यावर अडकलेल्या नोंदींची यादी कुठे दिसते? |
| मागच्या आठवड्याचा बॅकअप आमच्यासमोर उघडून दाखवाल का? किती वेळ लागेल? |
| करार संपल्यावर आमच्या सगळ्या नोंदी कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळतील? |

नोंदीला धनी हवा

उत्तम सॉफ्टवेअर घेऊनही ईआरपीचे प्रकल्प रखडतात, त्याचे एक मोठे कारण तंत्राबाहेरचे असते. मालाची मूळ यादी कोणाची, हे ठरलेले नसते. खरेदी विभाग घाईत एखाद्या बोल्टचा नवा कोड उघडतो, कारण जुना सापडत नाही. उत्पादन विभाग तोच बोल्ट तिसऱ्या नावाने मागवतो. दोन वर्षांत त्याच बोल्टचे चार कोड होतात, आणि मग कितीही महागडा डेटाबेस असला तरी शिल्लक चार ठिकाणी विभागलेली दिसते. संगणक विभाग यादी सांभाळू शकतो, पण हे दोन बोल्ट एकच आहेत का, हे त्याला सांगता येत नाही. ते सांगणारा माणूस कारखान्यातलाच असतो.

म्हणून ग्राहक, पुरवठादार, माल आणि दर या चार मूळ याद्यांना प्रत्येकी एक जबाबदार अधिकारी नेमून द्यावा. नवी ओळ त्याच्या मंजुरीशिवाय उघडू नये. नवे सॉफ्टवेअर घेण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येक कंपनीने विक्रेत्याला बोलावण्याआधी ही चार नावे कागदावर लिहावीत. एका बैठकीत होणारे हे काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.